त्या नव्या जगात घाण कोण उचलतं? कल्पित कादंबऱ्या आणि जहाल राजकीय पुस्तकं एकत्र वाचण्याबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वर्षभर तुम्ही एक कल्पित जगाची कादंबरी, मग एक जहाल राजकीय पुस्तक, असं आलटूनपालटून वाचताय. ऑर्वेल झाला, उर्सुला ले ग्विन झाली, मार्क्स-एंगल्सचा जाहीरनामा झाला, वसाहतवादाविरुद्ध लिहिणारा फॅनन अर्ध्यावर आहे. प्रत्येक पुस्तकानंतर वहीत टिपण करता, पण सगळी टिपणं एकाच साच्यातून निघाल्यासारखी होतात. कादंबरी असली तर ‘कल्पना जबरदस्त, माणसं कागदी’, राजकीय पुस्तक असलं तर ‘पटलं, पण पुढे काय?’ मित्राचं म्हणणं, कादंबरीत राजकारण हुडकणं हा कादंबरीवर अन्याय आहे. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय की पुस्तक आवडलं, की आपलंच मत छापलेलं दिसलं म्हणून बरं वाटलं, हे ओळखायचं कसं.

मी संपादनाचं काम करते आणि बरीच वर्षं याच दोन प्रकारच्या पुस्तकांचा वाचनगट चालवते. तुमच्यासारखी टिपणं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यात बिघडतं ते दोन प्रकार एकत्र वाचल्यामुळे नाही. दोन्हींना तुम्ही एकच प्रश्न विचारता, ‘हे मला पटतं का?’ मग कादंबरीचा जाहीरनामा होतो आणि जाहीरनाम्याचं भविष्य होतं. पहिल्यात माणसं कमी पडतात, दुसऱ्यात पुढचा पत्ता सापडत नाही. दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारून पाहा. मी कोणते विचारते ते सांगते, पण आधी एक गोष्ट.

हे सगळं तुम्ही कशासाठी वाचताय यावर बरंच अवलंबून आहे. एखाद्या संघटनेत काम करताना वाचत असाल तर तुम्हाला पुस्तकातून हत्यार हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. तुमची टिपणं छोटी आणि एकांगी असली तरी चालतील. अभ्यासक्रमासाठी वाचत असाल तर गोष्ट निराळी. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही एकटे, स्वतःच्या हौसेने वाचताय असं दिसतं, आणि मी तेच धरून चालले आहे. शिवाय कादंबरी पहिल्यांदा वाचताना यातलं काहीही करू नका. सरळ गोष्ट म्हणून वाचा. मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकंच.

आता ‘पुढे काय?’ हा तुमचा शेरा. तो मार्क्सच्या वाचकाने मारावा यात गंमत आहे, कारण त्याने ते सांगायला चक्क नकार दिला होता. ‘भांडवल’च्या दुसऱ्या जर्मन आवृत्तीला १८७३ साली जोडलेल्या मजकुरात तो एका टीकाकाराला टोला हाणतो की भविष्यातल्या खानावळींसाठी पाककृती लिहून देणं हे माझं काम नाही. एंगल्सने १८८० साली आदर्श समाजाचे आराखडे काढणाऱ्या आधीच्या समाजवाद्यांवर अख्खी पुस्तिका लिहिली. त्यांचं कौतुक केलं आणि त्यांना बाजूलाही सारलं. तेव्हापासून जहाल राजकीय लेखनाचा मोठा भाग आजचं जग कसं चालतं ते सांगतो आणि उद्याच्या जगात सकाळी उठून माणसं काय करतील यावर गप्प राहतो. ती जागा कादंबरीकारांनी भरली. म्हणून एकत्र वाचायचं. एका प्रकाराने जाणूनबुजून सोडलेली जागा दुसऱ्याने घेतली आहे, आणि जागा भरताना जे अडलं ते कागदावर उतरलं आहे. मला त्या अडण्यातच रस असतो.

माझा पहिला प्रश्न कादंबरीसाठी. त्या जगात घाणेरडं काम कोण करतं?

हा प्रश्न मला कुठल्या कादंबरीने शिकवला नाही, आंबेडकरांनी शिकवला. जातिनिर्मूलनावरच्या १९३६ च्या भाषणात ते म्हणतात की जातिव्यवस्था ही नुसती कामांची विभागणी नाही, ती काम करणाऱ्यांची विभागणी आहे. हे एक वाक्य घेऊन आदर्श समाजांच्या गोष्टी वाचायला बसलात की अर्धे लेखक पहिल्या पन्नास पानांत उघडे पडतात.

टॉमस मोरचं ‘युटोपिया’ १५१६ सालचं. खासगी मालमत्ता नाही, दिवसाला सहा तास काम, सोन्याची किंमत इतकी शून्य की त्याची शौचपात्रं करतात. वाचकाला हे सोनं नेमकं लक्षात राहतं. पण त्याच बेटावर गुलाम आहेत. सोन्याच्या बेड्या त्यांच्याच पायात असतात, जनावरं तेच कापतात, आणि सार्वजनिक भोजनगृहातली जड, गलिच्छ कामंही त्यांच्याच माथी. कारण सरळ आहे: कत्तलीने नागरिकांच्या मनातली दया आटते असं त्या समाजाला वाटतं. म्हणजे नागरिकांची दया जिवंत राहावी म्हणून दुसऱ्या कुणाची तरी मरू द्यायची. मोर हे उपरोधाने लिहितोय की गंभीरपणे, यावर विद्वान अजून भांडतात. तुम्हाला त्या भांडणात पडायची गरज नाही. व्यवस्था टिकायला गुलाम लागले, एवढी नोंद पुरे.

एडवर्ड बेलामीच्या ‘लुकिंग बॅकवर्ड’मध्ये (१८८८) १८८७ साली झोपलेला माणूस बॉस्टनमध्ये २००० साली जागा होतो. बेलामीने प्रश्न चुकवला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याच्याकडे औद्योगिक सेना आहे, एकविसाव्या वर्षी भरती, पंचेचाळिसाव्या वर्षी सुटका; आणि ज्या कामाला माणसं येत नाहीत त्याचे तास कमी करत जायचे, येईपर्यंत. हिशेब चोख. पण काम सेनेसारखं का असावं, हे त्याला कधी खटकतच नाही. खटकलं ते विल्यम मॉरिसला. त्याने १८८९ साली ‘कॉमनवील’मध्ये बेलामीच्या पुस्तकावर कडक परीक्षण लिहिलं आणि लगेच १८९० मध्ये त्याच नियतकालिकात ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ क्रमशः छापलं. मॉरिसच्या जगात काम हाच आनंद आहे. रस्ता दुरुस्त करणारी तरुण पोरं खेळायला आल्यासारखी कुदळ मारतात. वाचायला फार गोड. आणि अतिथीगृहात वाढायला मात्र बायकाच आहेत. एका म्हाताऱ्या पात्राकडून मॉरिस त्याचं समर्थनही करवून घेतो, म्हणजे ही जागा दुखरी आहे हे त्यालाही कळलं होतं.

मॉरिसनंतर पंधराएक वर्षांनी, १९०५ मध्ये, रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिली. मद्रासहून निघणाऱ्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती आली. छोटीशी गोष्ट आहे, एका बैठकीत होते. पुरुष पडद्याआड आणि बायका बाहेर, विद्यापीठांत, हवेतलं पाणी गोळा करताना, सूर्याची उष्णता साठवताना. शत्रूचं सैन्यही त्या उष्णतेने परतवलेलं. शेतं विजेने नांगरली जातात, स्वयंपाक आणि मुलं पुरुषांकडे. माझ्या प्रश्नाला असं थेट, हसत हसत उत्तर देणारी आधीची गोष्ट मला माहीत नाही. मॉरिसला ज्या कामापाशी समर्थन शोधावं लागलं, ते रुकैयांनी पुरुषांच्या हाती देऊन टाकलं. गटात दरवेळी कुणीतरी म्हणतं, ‘पण हा तर उलटा अन्याय झाला.’ मी म्हणते, हेच टिपणात लिहा, आणि सुलट अन्यायाबद्दल असं शेवटचं कधी वाटलं होतं तेही त्याखाली लिहा.

ले ग्विनची ‘द डिसपझेस्ड’ (१९७४) तुम्ही वाचलीच आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते. अनारेस या अराजकवाद्यांनी वसवलेल्या जगात दर दहाव्या दिवशी कुणालाही कष्टाच्या कामावर बोलावता येतं. तिथला शास्त्रज्ञ शेवेक, कादंबरीचा नायक, उरास या शेजारच्या जगातल्या लोकांना सांगतो की माणसं ही कामं पैशाशिवायही करतात. एकत्र केलेल्या कामाचा अभिमान असतो, आळशाला शेजारीपाजारी टोमणे मारतात. इथपर्यंत आपण खूश. तुमच्या टिपणात ‘अराजकवादी समाजाचं विश्वसनीय चित्र’ असं आहे, ते बहुधा या भागावरून. पण पुढे दुष्काळ येतो. गिरणीत काम पूर्ण केलं तर शिधा पूर्ण, आजारी पडलात तर अर्धा. आणि अर्ध्या शिध्यावर आजारी माणूस बरा होत नाही. कुणाला किती, याच्या याद्या करायचं काम शेवेककडे येतं, आणि यादी करणारा दिवसभर राबतो म्हणून त्याला शिधा पूर्ण. शेवेक ते काम सोडतो. यादी काही थांबत नाही, ती करायला दुसरा कुणीतरी तयार असतोच. मालक नाही, पोलीस नाही, तुरुंग नाही, आणि उपाशी कोण राहणार हे कागदावर ठरतंय. कादंबरीतलं माझ्या मते सगळ्यात राजकीय पान हे आहे, त्यातल्या भाषणांपेक्षाही.

‘माणसं कागदी’ हा शेरा या पानाच्या शेजारी ठेवून पाहा, टिकत नाही. बेलामीच्या बाबतीत टिकतो. त्याची माणसं कागदीच आहेत, आणि प्रेमप्रकरण तर झोप आणणारं आहे. तेव्हा शेरा मारायला हरकत नाही, फक्त तो सरसकट मारू नका. पाहुणा प्रश्न विचारतो आणि यजमान उत्तरं देतो, ही या लेखनातली जुनी रीत आहे. तिथे पात्रं सपाट असतात, कारण खरं पात्र ते जगच असतं. आपल्याकडेही ही रीत आहे: फुल्यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादात चालते. धोंडीबाचं घर, बायकोमुलं, स्वभाव यांची चौकशी आपण करत नाही. तो आपल्या वतीने अडाणी प्रश्न विचारतो आणि आपल्याला बरं वाटतं. शिवाय फुले तिथे जे करतात ते कल्पित कादंबरीकाराच्या कामापासून फार लांबचं नाही. मत्स्य, कच्छ, वराह, वामन या सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी ते उचलतात आणि हरलेल्यांच्या बाजूने पुन्हा सांगतात, तेव्हा देवाचा अवतार परक्या टोळीचा म्होरक्या होतो आणि बळी आपला राजा होतो. पुस्तक मात्र अर्पण केलंय अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करायला हातभार लावला. ‘गुलामगिरी’ला इतिहास म्हणून तपासत बसणारे वाचक मला भेटतात. तपासावं जरूर, पण त्यात पुस्तकाचा निम्मा जोर हातातून निसटतो.

वाईट लिहिलेल्या पुस्तकाचा परिणाम मोठा असू शकतो, हेही इथेच सांगून टाकते, म्हणजे टिपणात दोन गोष्टींची गल्लत होणार नाही. चेर्निशेव्स्कीने ‘काय करावे?’ ही कादंबरी पीटर-पॉल किल्ल्यातल्या कैदेत लिहिली, १८६३ साली ती छापली गेली. कथानक पातळ, लेखक मधूनच वाचकाला डाफरतो. पण रशियातल्या एका पिढीने ती कशी जगायची याची वही म्हणून वापरली. पुढच्याच वर्षी डोस्टोयेव्हस्कीने ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ तिच्याशी भांडत लिहिलं, आणि लेनिनने १९०२ साली आपल्या पुस्तिकेला तिचंच नाव दिलं. उत्तम लेखकाला भांडायला आणि क्रांतिकारकाला नाव द्यायला एकच सुमार कादंबरी पुरली. टिपणात ‘सुमार’ लिहा आणि पुढच्या ओळीत ‘कुणाला काय करायला लावलं’ तेही लिहा.

इथवर कादंबरीचा प्रश्न झाला: काम कोण करतं, आणि जग टिकवायला किंमत कोण मोजतं. आता राजकीय पुस्तकाचा. तिथे मी विचारते, हे पुस्तक कुणाला उत्तर देतंय?

जहाल पुस्तक एकट्याने बोलत नसतं. खोलीत दुसरं कुणीतरी असतं, आणि आपल्याला ते दिसत नाही म्हणून बोलणाऱ्याचा आवाज उगाच चढलेला वाटतो. जाहीरनाम्याचा तिसरा भाग तुम्ही चाळून सोडलात, असं तुम्हीच कबूल केलंय. सगळेच सोडतात, सरंजामी समाजवाद, खरा समाजवाद, बुर्झ्वा समाजवाद अशी मेलेल्या लोकांची नावं वाटतात. पण मार्क्स-एंगल्स १८४८ मध्ये कुणाशी भांडत होते ते तिथे आहे, आणि त्यातले निम्मे प्रकार आजही नवे कपडे घालून हिंडतात. त्याबरोबर १८७२ च्या आवृत्तीची प्रस्तावना वाचा, दोन पानांची आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी दिलेल्या दहा उपायांवर फार भर देऊ नये, तो भाग आज वेगळा लिहिला असता, असं दोघे स्वतः म्हणतात. तुमच्या वहीतली ‘हे दहा मुद्दे आज कालबाह्य’ ही तक्रार लेखकांनी तुमच्या बरीच आधी नोंदवून ठेवली आहे. म्हणजे त्या तक्रारीने पुस्तक संपत नाही, तिथून पुढे वाचायला सुरुवात होते.

आंबेडकरांच्या त्या भाषणात समोरचा माणूस पुस्तकातच हजर आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, छापील भाषण आधी वाचून घाबरले आणि परिषदच रद्द केली. आंबेडकरांनी ते स्वखर्चाने छापलं. गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्याला उत्तर दिलं, आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींचं लेखन आणि आपलं प्रत्युत्तर दोन्ही जोडलं. विरोधकाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात छापण्याइतका ज्याला आपल्या युक्तिवादावर भरवसा आहे, त्याचं पुस्तक अर्धं वाचून ‘पटलं’ म्हणणं मला कद्रूपणाचं वाटतं. सगळं ओळीने वाचा, गांधींचा भाग टाळू नका. आणि गांधींच्या बाजूने एक परिच्छेद लिहून पाहा, त्यांना मान्य होईल असा. तो जमला की आंबेडकरांचं प्रत्युत्तर किती धारदार आहे हे पहिल्यांदा नीट कळतं.

फॅननबद्दल तुम्ही विचारलंय की पुढे वाचू की सोडू. सोडू नका, आणि आता सरळ शेवटच्या प्रकरणावर जा. ‘द रेचेड ऑफ द अर्थ’ १९६१ चं; त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फॅनन रक्ताच्या कर्करोगाने गेला. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रची भडक प्रस्तावना आणि हिंसेवरचं पहिलं प्रकरण एवढंच बहुतेक लोक वाचतात, आणि हिंसेचा पुरस्कर्ता म्हणून फॅननला एक तर डोक्यावर घेतात नाहीतर वाऱ्यावर सोडतात. पण तो मानसोपचारतज्ज्ञ होता, अल्जीरियात ब्लिदाच्या रुग्णालयात काम केलेला, आणि पुस्तकाच्या शेवटाकडे त्याने आपल्या रुग्णांच्या नोंदी दिल्या आहेत. त्यात एक युरोपियन पोलीस अधिकारी आहे. दिवसभर कैद्यांचा छळ करून घरी आला की बायकोमुलांना मारतो. त्याला डॉक्टरकडून काय हवंय? छळ करणं सोडायचं नाही, फक्त मन शांत ठेवून तो करता यायला हवा. त्याच प्रकरणात दोन अल्जीरियन पोरं आहेत, तेरा-चौदा वर्षांची, ज्यांनी आपल्याबरोबर खेळणाऱ्या युरोपियन मुलाला मारून टाकलं. पहिल्या प्रकरणात जे सूत्र म्हणून येतं, ते इथे माणसांच्या अंगावर दिसतं. फॅननने दोन्ही एकाच पुस्तकात ठेवलं आहे, आणि त्यातलं कुठलं तरी एकच घ्यायची मुभा वाचकाला नाही, असं माझं मत आहे.

आता आपलंच मत छापलेलं दिसलं म्हणून पुस्तक आवडतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. यात सगळ्यात फसवी पुस्तकं दुःस्वप्नांची. ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) सगळ्यांना आवडतं. मी अजून असा राजकीय पक्ष पाहिला नाही ज्याच्या समर्थकाला त्या कादंबरीत विरोधक दिसत नाहीत. ऑर्वेल स्वतः लोकशाही समाजवादी होता, स्पेनमध्ये त्यासाठी लढायला गेला आणि गळ्यात गोळी खाऊन आला, हे बऱ्याच वाचकांच्या गावीही नसतं. तेव्हा ‘किती खरं आहे हे!’ असं तुमच्या टिपणात येईल तेव्हा थांबून विचारा, हे वाक्य माझ्या विरोधकानेही याच पानावर लिहिलं असतं का? उत्तर हो आलं, तर पुस्तकाने तुम्हाला अजून हलवलेलं नाही.

हलायचं असेल तर शेवटची पानं पाहा. कादंबरी तिचा नायक विन्स्टन याच्यावर संपते असं आपण धरतो, पण त्यानंतर न्यूस्पीकवर, म्हणजे त्या राजवटीने घडवलेल्या भाषेवर, एक परिशिष्ट आहे, आणि ते भूतकाळात लिहिलंय. ही भाषा ‘होती’, तिचा हेतू असा ‘होता’. म्हणजे कुणीतरी नंतर, बहुधा ती राजवट गेल्यावर, साध्या भाषेत हे लिहितंय. अमेरिकेतल्या एका पुस्तक-क्लबाने हे परिशिष्ट आणि कादंबरीच्या मध्येच येणारं गोल्डस्टीन या राजवटविरोधकाचं पुस्तक गाळायला सांगितलं होतं. पैशाचं नुकसान होण्याचा धोका पत्करून ऑर्वेलने नाही म्हटलं. जॅक लंडनने ‘द आयर्न हील’मध्ये (१९०८) हीच युक्ती अधिक उघडपणे केली आहे. मुख्य कथा पराभवाची आहे, आणि हस्तलिखित एका वाक्याच्या मध्येच तुटतं. पण तळटिपा सात शतकांनंतरच्या एका विद्वानाच्या आहेत, आणि तो आपल्या वाचकांना संपफोड्या म्हणजे काय हे समजावून सांगतो, कारण त्यांना ती गोष्टच माहीत नाही. आपल्या रोजच्या जगाला तळटीप लागते आहे! वर पराभव आणि खाली विजय. मार्गारेट ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) शेवटी २१९५ सालचं एक विद्वत्संमेलन आहे, कादंबरीतली, बायकांना जखडून ठेवणारी गिलियादची राजवट केव्हाच संपलेली. पण तिथला प्राध्यापक बायकांवर हलके विनोद करतो, श्रोते हसतात, आणि तुमच्या पोटात गोळा येतो. एकाच युक्तीच्या या तीन तऱ्हा ओळीने वाचल्या की लंडनची खात्री, ऑर्वेलचा संयम आणि ॲटवुडचा संशय शेजारी शेजारी दिसतात. यातलं कुठलंच तुमचं आधीचं मत नसतं, आणि म्हणून तिथे लिहिलेलं टिपण सहसा तुमचं स्वतःचं उतरतं.

दुसरा उपाय जरा कडू आहे. ज्याचं राजकारण तुम्हाला नकोसं वाटतं, त्याचं चांगलं लिहिलेलं पुस्तक वाचा. मी गटाला हाइनलाइनची ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ (१९६६) देते. चंद्रावरची कैद्यांची वसाहत पृथ्वीविरुद्ध बंड करते. लेखक सरकार नावाच्या गोष्टीवरच नाराज, करांवर तर फारच. गटातले डावे आधी नाक मुरडतात आणि मग दोन रात्रींत संपवून येतात, कारण क्रांती रंगवण्यात हाइनलाइन बऱ्याच डाव्या कादंबरीकारांपेक्षा सरस आहे. मग आपला पहिला प्रश्न: काम कोण करतं? एक संगणक करतो. माइक नावाचा तो संगणक निरोप पोचवतो, गुपितं राखतो, यशाची शक्यता मोजत राहतो. खऱ्या चळवळीत ज्यावरून माणसं फुटतात, म्हणजे कुणावर विश्वास ठेवायचा, निर्णय कोण घेणार, पैशांचा हिशेब कुणाकडे, ते सगळं त्याने गिळून टाकलंय. हा दोष आहे. पण हेच बोट तुमच्या आवडत्या कादंबऱ्यांकडे वळवा. तिथे माइकच्या जागी कोण आहे? मॉरिसकडे माणसाचा चांगला स्वभाव आहे, बेलामीकडे शिस्त. ले ग्विनकडे मात्र असं कुणी नाही. नेते नसलेल्या समाजात साबुलसारखा वरिष्ठ शास्त्रज्ञ शेवेकच्या संशोधनावर आपलं नाव घालतो आणि कुणाला दादही मागता येत नाही. याच्या जोडीला जो फ्रीमनचा रचना नसलेल्या गटांच्या जुलुमावरचा निबंध वाचा. मूळ भाषण १९७० चं, स्त्रीमुक्तीच्या गटांत काम करताना सुचलेलं. नियम नसले की सत्ता जात नाही, ती फक्त ओळखीपाळखीतून चालायला लागते, असं ती सांगते. साबुलचं प्रकरण त्यानंतर पुन्हा वाचलंत तर तुमच्या ओळखीची एखादी समिती नक्की आठवेल.

वहीबद्दल थोडं. मी गटाला दोनच गोष्टी सक्तीने लिहायला लावते: कुठल्या पानावर कंटाळा किंवा राग आला, आणि लेखकाच्या सिद्धांतात न बसणारा प्रसंग कुठला. पटलं-नाही पटलं लिहायला बंदी नाही, पण ते शेवटी, जागा उरली तर. गुण, तारे वगैरे देऊ नका.

यानंतर काय वाचू, असंही विचारलंय. एक जोडी सुचवते. शूलामिथ फायरस्टोनचं ‘द डायलेक्टिक ऑफ सेक्स’ (१९७०) आणि मार्ज पियर्सीची ‘वुमन ऑन द एज ऑफ टाइम’ (१९७६). फायरस्टोन म्हणते, गर्भारपण बाईच्या शरीराबाहेर नेल्याशिवाय बाईची सुटका पुरी होणार नाही. जहाल म्हणजे किती जहाल याची कल्पना येते. अनेक स्त्रीवाद्यांनाही ते सोसलं नाही. सहा वर्षांनी पियर्सी त्यातून भविष्यातलं एक गाव उभं करते: मुलं यंत्रात वाढतात, प्रत्येक मुलाला तीन आया, आणि त्यांत पुरुषही असतात, ते अंगावर पाजतातसुद्धा. मनोरुग्णालयात कोंडलेली नायिका कॉनी त्या गावात येते आणि हे पाहून चिडते. मूल जन्माला घालणं एवढीच एक ताकद बाईकडे होती, तीही घालवलीत? तिचं चिडणं पियर्सी लगेच खोडून काढत नाही. त्याच गावात दुसऱ्यांदा हिंसा करणाऱ्याला मृत्युदंड आहे, हेही टिपून ठेवा. मोरच्या कसायांच्या शेजारीच लिहा.

आधी फायरस्टोन वाचा, मग पियर्सी. आणि पियर्सीचं शेवटचं प्रकरण रुक्ष कागदपत्रांसारखं दिसतं म्हणून टाळू नका. लंडन, ऑर्वेल, ॲटवुड यांनी शेवटची कागदपत्रं भविष्यातून आणली. पियर्सीने ती मनोरुग्णालयाच्या कपाटातून काढली आहेत: कॉनीच्या केसपेपरमधले उतारे, डॉक्टरांच्या भाषेत. आतापर्यंत जे गाव तुम्ही तिच्याबरोबर फिरून आलात, त्याबद्दल त्या कागदांत काय लिहिलंय आणि काय लिहिलेलंच नाही, यावर एक पान भरून टिपण करा.